भिकूची पाठ आणि माझा अंगठा

दिवाळीला बैठकीत वाचून दाखवायला माझ्या धंद्यातलं काहीतरी लिहून दे, असं मंडळींनी सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मग नाही म्हटल्याचं वाईट वाटलं, म्हणून हो म्हणालो. आता हो म्हटल्याचं वाईट वाटतं आहे. माझा स्वभावच तसा. कोणी ठेचकाळलं तरी दगड मीच तिथे ठेवला असावा असं मला वाटतं. वाचणाऱ्यांनी तेवढं सांभाळून घ्यावं.

मी जातीनं न्हावी, राजापूरच्या खाडीकडचा. गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, या बेटात आलो, तेव्हा पितों गावाच्या पुढच्या मळ्यात मला ऊस तोडायला लावलं. मी ऊस कमी आणि स्वतःची नडगी जास्त तोडली. तेव्हा मळेवाल्यानं मला लोपितालात धाडलं. इथले लोक दवाखान्याला लोपिताल म्हणतात. आमचं लोपिताल म्हणजे उसाच्या पाचटानं शाकारलेली एक लांबलचक खोली आणि तिच्यात ओळीनं मांडलेल्या फळ्यांच्या खाटा. माझा पाय बरा झाला, पण तेवढ्या दिवसांत मी सगळ्या रोग्यांच्या दाढ्या करून टाकल्या होत्या, म्हणून मला तिथेच ठेवून घेतलं. दोक्तेर गुरुवारी पोर्ट लुईहून घोडागाडीनं यायचा. बाकीचे दिवस रोगी आणि मी. दाढी करणं, दात काढणं, गळू फोडणं, पट्ट्या बांधणं आणि जळवा लावणं, ही माझी कामं.

जळवांचं मला फार वाईट वाटतं. बिचारीला महिनामहिना मातीच्या मडक्यात उपाशी ठेवायचं, मग कोणाच्या तरी सुजलेल्या पायावर सोडायचं, आणि तिचं पोट भरलं की हळद टाकून खाल्लेलं सगळं ओकायला लावायचं. असं जेवण कोणी आपल्याला वाढलं तर आपण काय म्हणू? मी दर वेळी हळद टाकताना मनात ‘माफ कर गो’ म्हणत असे. रोगी विचारायचे, ओठ कसले हलवतोस? मी सांगायचो, मंत्र आहे. मग ते जास्त लवकर बरे व्हायचे.

आता रक्ताविषयी दोन शब्द, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही.

त्या काळी दोक्तेर तापाच्या माणसाची नस उघडून वाडगाभर रक्त काढायचा आणि वाडगा खिडकीत ठेवायला सांगायचा. मी पाहत बसायचो. थोड्या वेळात त्या रक्ताचा खरवस व्हायचा. वाडगा कलता केला तरी सांडत नसे. मग कडेनं पिवळसर पाणी सुटायचं. तेच रक्त ताजं असताना काडीनं घुसळलं तर काडीला पांढरे चिवट दोरे चिकटायचे, आणि उरलेलं रक्त मग काही केल्या गोठत नसे. दोक्तेरानं मला ते एकदा करून दाखवलं. तो म्हणाला, ‘गणू, हेच दोरे जखमेचं तोंड विणून बंद करतात.’ म्हणजे प्रत्येकाच्या अंगात एक कोष्टी बसलेला आहे. जिथे फाटेल तिथे त्यानं विणायचं आणि जिथे फाटलेलं नाही तिथे गप्प बसायचं. बहुतेकांचा कोष्टी शहाणा असतो. मी सांगतो आहे ती गोष्ट दोन माणसांची. त्यातल्या एकाचा कोष्टी नको तिथे विणत होता, आणि दुसऱ्याचा आळशी होता.

नको तिथे विणणारा म्हणजे रावजी सरदार. मळ्यातल्या आमच्या टोळीवरचा मुकादम, मूळ साताऱ्याकडचा, आवाज बैल हाकायचा आणि मन लोण्याचं. खेचरावरून पडून त्याचं पाऊल मोडलं. फळ्या बांधून तो खाटेवर पडून राहिला, आणि पडून पडून त्याची पोटरी सुजली. आत एक नस दोरखंडासारखी टणक लागायची.

‘गण्या, चोळ रं जरा,’ सरदार म्हणाला.

मी न्हाव्याचा पोर. कोणी अंग पुढे केलं की माझे हात आपोआप तेलात जातात. मी खोबरेल घेऊन ती पोटरी अशी रगडली की सरदार सुखानं घोरायला लागला. तेवढ्यात गुरुवार असल्यानं दोक्तेर आत आला, आणि त्यानं मारलेली किंकाळी साखरेच्या गिरणीपर्यंत ऐकू गेली. मग त्यानं मला बाहेर नेऊन समजावलं. त्या नसेत रक्ताची गुठळी बसली आहे. ती बसली आहे तिथे बसू दे. चोळलीस तर ती सुटेल, वाहत वाहत काळजाकडे जाईल, फुप्फुसात अडकेल आणि माणूस बोलता बोलता जाईल. त्याच्या शहरातल्या एका रोग्याचं असंच झालं होतं. तो उठून बसला, कॉफी मागितली आणि कॉफी येईपर्यंत संपला.

मी आत येऊन सरदाराच्या छातीला कान लावला.

‘काय ऐकतोयस रं?’

‘काही नाही, सरदार. तुम्ही कॉफी तेवढी मागू नका.’

त्या दिवसापासून सरदाराचा पाय रिकाम्या पोत्यांच्या उंच ढिगावर ठेवलेला. पाय वर, चोळायचं नाही, खाली लोंबकळत ठेवायचा नाही आणि दिवसाआड जळवा लावायच्या. आणि इथेच पंचाईत झाली. मी जळू लावली, ती डसली, दोन घोट प्याली आणि पटकन गळून पडली. दुसरी लावली, तीही पडली. तिसरी तर पोटरीवरून वाकडीतिकडी चालत उलट्या दिशेनं गेली आणि खाटेच्या पायाला डसायला लागली. मी मडक्यातलं पाणी बदललं, पोटरीला दूध लावलं, जळवांची समजूत घातली. काही उपयोग नाही. शेवटी मी सरदाराच्या तोंडाजवळ गेलो आणि मला सगळं कळलं. उशाखाली अराकची, इथल्या उसाच्या दारूची, बाटली होती.

‘सरदार, जळवांना चढते आहे.’

‘मग त्यांना मजा येऊ दे की. आन् मी काय पाप केलं?’

‘दुपारपर्यंत त्यांना उभं राहता येत नाही हो.’

त्या तीन जळवा दोन दिवस मडक्याच्या तळाशी पडून होत्या. मी बाटली उचलून नेली. सरदार रुसला, पण जळवा सुधारल्या आणि सूज उतरायला लागली.

आता आळशी कोष्टीवाल्याकडे येतो. हा भिकू, आमच्याच खाडीपलीकडच्या गावचा. माझ्याच जहाजातून आलेला. हडकुळा, हसरा, ऊस तोडण्यात टोळीत पहिला, आणि कोयता एवढा जपून चालवायचा की त्याच्या अंगावर कधी एक ओरखडा दिसला नाही. त्याला जपून वागायचं कारण होतं, पण ते त्यानं गिरमिटाच्या वेळी सांगितलं नव्हतं, आणि मलाही नाही. दाढ दुखते म्हणून आला. मी ती उपटली. छान सुटली, मुळासकट. मी त्याच्या हातात दिली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

संध्याकाळी भिकू रक्त थुंकत परत आला. दुसऱ्या दिवशीही थुंकत होता. तुरटीच्या पाण्यातला कापूस दाबला की थांबायचं, कापूस काढला की गुठळीही कापसाबरोबर निघायची आणि पुन्हा सुरू. गुरुवारी दोक्तेरानं त्याला विचारलं, मी मध्ये दुभाष्या होतो. तुझ्या घरी आणखी कोणाचं असं रक्त वाहतं का?

‘मामाचं,’ भिकू म्हणाला. ‘कान टोचला नि चौथ्या दिवशी गेला. आयशीला काय नाय, बहिणींना काय नाय. मामाला आणि मला.’

दोक्तेरानं मान हलवली. असली घराणी असतात, म्हणाला. बायका आणतात पण भोगत नाहीत, पुरुष भोगतात. औषध नाही. कुठे फाटलं तर दाबायचं. बराच वेळ दाबायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, थांबलं का हे बघायला उचलायचं नाही. उचलून बघणं हाच अर्धा रोग. मग तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, ‘ह्याला सुई लावू नको, दात काढू नको आणि जळू तर मुळीच नाही.’

दाढेची जागा भरेपर्यंत भिकूला खाट मिळाली ती सरदाराच्या शेजारची. म्हणजे एका खाटेवर नको तिथे गोठणारा, दुसऱ्या खाटेवर हवं तिथे न गोठणारा, आणि मध्ये स्टुलावर मी. सरदारानं ही व्यवस्था दोन दिवस नीट न्याहाळली.

‘गण्या, हे सोपं हाय,’ तो म्हणाला. ‘माझ्यातलं पावशेर त्याला घाल, त्याच्यातलं पावशेर मला. दोघंबी बरोबर होऊ.’

‘कुठून घालू, सरदार?’

‘न्हावी तू का मी?’

भिकू कापूस चावत हसत होता. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण सरदाराचं म्हणणं मला पटलं होतं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण भिकूची बायको येसू गरोदर होती, आणि त्याला स्वप्नं पडायला लागली.

झालं होतं असं. येताना जहाज वादळात सापडलं होतं. आम्ही सगळेच ओरडत होतो, सगळेच काही ना काही नवस बोललो. मी नारळ बोललो. कोणी कोंबडं बोललं. भिकू मात्र गावदेवीला बगाड बोलला होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाठीच्या कातडीत लोखंडी गळ घालतात, गळ दोरानं उंच आडव्या खांबाला बांधतात, आणि नवसाचा माणूस त्या खांबावर लोंबकळत फिरतो. धडधाकट माणूस त्यातून आठ दिवसांत उठतो. पाठीवर दोन डाग राहतात, ते तो मिशीसारखे मिरवतो.

‘मेल्या, मामा कानाच्या भोकानं गेला आणि तू पाठीत गळ बोललास?’ मी विचारलं.

‘बुडायला लागल्यावर कोण इचार करतं, गणूदादा? मला वाटलं तसंही मरतो हाय.’

आता देवी रोज पहाटे खाटेच्या पायाशी उभी राहून ‘गळ कुठे?’ विचारत होती. नवस राहिला तर तो पोटातल्या मुलाला भोवणार, हे येसूच्या मनानं घेतलं, भिकूच्या मनानं घेतलं आणि खरं सांगायचं तर माझ्याही. तेव्हा गळ घातला तर भिकू मरणार, आणि नाही घातला तर मूल. आणि गळ घालायचा मान कोणाचा? न्हाव्याचा. अख्ख्या मळ्यात न्हावी एकच.

मी दोन दिवस लोकांच्या नजरा चुकवत फिरलो. गुरुवारी दोक्तेराला विचारलं तर तो एवढंच म्हणाला की हे करशील तर तुला कोंडीन, आणि गेला. त्याचं बरोबर होतं, पण त्यानं देवी काही परत गेली नाही.

मग सरदाराच्या खाटेभोवती बैठक बसली. येसू, भिकू, मी आणि शिवराम गुरव. गुरव म्हणजे आमच्या वस्तीतला देवस्की करणारा. त्यानं आंब्याखालचा एक दगड शेंदूर लावून गावदेवी म्हणून बसवला होता. तशी ती आमची सगळ्यांचीच देवी.

सरदार म्हणाला, ‘एवढं कशाला? लोखंड नको, जळवा लावा. चार जळवा पाठीला लोंबकळल्या म्हंजे गळच की. जनावर बारीक, डसणं बारीक.’

‘वा सरदार!’ गुरव म्हणाला. येसूचा चेहरा एकदम उजळला.

मला ते पाहून फार वाईट वाटलं, पण बोलणं भाग होतं. मी सरदाराची पोटरी उघडली. सकाळी लावलेल्या जळवेच्या जागी बांधलेली पट्टी लाल होऊन ओली होती.

‘हे बघा,’ मी म्हणालो. ‘जळू सकाळी सुटली. सरदाराचं रक्त एवढं घट्ट, नको तिथे गोठतं, तरी अजून पाझरतं आहे. जळू डसताना तोंडातून काहीतरी सोडते, कोष्ट्याला गुंगी येते. चाकूचा घाव मिटतो तोवर जळवेचा वाहत असतो. भिकूला जळू म्हणजे गळापेक्षा वाईट.’

सरदार आपल्या पोटरीकडे नव्या आदरानं बघत राहिला.

मग येसू बोलली. ती आणि वस्तीतल्या बायका वाकोआच्या पानांची साखरेची पोती विणायच्या. वाकोआ म्हणजे आपल्या केवड्याचा इथला भाऊ. ती म्हणाली, ‘गणूभावजी, देवीनं गळ मागितलाय. कातडं मागितलंय काय?’

‘म्हणजे?’

‘मी यांना पोत्यासारखी घट्ट बंडी विणते. गळ बंडीत घाला. लोंबकळू देत.’

‘पाठीत बोललो होतो गो,’ भिकू हळूच म्हणाला.

‘बंडी पाठीवरच असेल ना? का डोक्यावर घालताय?’

गुरवानं सांगितलं की हे माणसानं ठरवायचं काम नाही, कौल लावावा लागेल. आपल्याकडे देवाच्या दगडावर पाण्यानं फुलाच्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. रविवारी सकाळी सगळी वस्ती आंब्याखाली जमली. सरदाराला आम्ही खाटेसकट उचलून आणला, पाय पोत्यांवर ठेवूनच.

गुरवानं जास्वंदीच्या पाकळ्या लावल्या आणि सूर धरला. ‘बा देवी महाराजा!’

‘व्हय महाराजा!’ आम्ही म्हणालो.

‘तुझं लेकरू सात समुद्र ओलांडून आलं. त्याचं रक्त पातळ हाय, पण मन घट्ट हाय!’

‘व्हय महाराजा!’

‘तू त्याचा नवस बंडीवरून घे, नि त्याला नि त्याच्या पोराला राख!’

‘व्हय महाराजा!’

पाकळ्या पडेनात. आम्ही उभे राहिलो, मग बसलो. ऊन वर आलं. पाकळ्या दगडाला अशा बसल्या होत्या की जणू तिथेच उगवल्या. शेवटी मी पुढे जाऊन दगडाला बोट लावलं, तर बोट चिकटलं.

‘गुरवा, पाकळ्या कशानं लावल्यास?’

गुरव चाचरला. ‘हंगामाचं पहिलं गाळप ना… गिरणीतला पाक आणला होता. म्हटलं देवीला नुसतं पाणी काय घालायचं.’

देवीला गोड घातल्याबद्दल कोणाला रागावता येईना, आणि पाकळ्या काढून पुन्हा लावायची कोणाची छाती नव्हती. आम्ही वाट पाहत राहिलो. पाक होता म्हणून मुंग्या आल्या. मुंग्या डाव्या पाकळीवर चढल्या आणि येसूनं डोळे मिटले. मुंग्यांनी तिथलं चाटलं, काही वेळ चर्चा केली आणि उजवीकडे निघाल्या. एका मोठ्या मुंगळ्यानं उजव्या पाकळीची कड धरली आणि खेचत खेचत तिला खाली नेलं.

‘हा कौल मुंगळ्याचा झाला,’ मागून कोणीतरी म्हणालं.

‘मुंगळा कोणाचा?’ सरदार खाटेवरून गरजला. ‘देवीचाच ना? का मळेवाल्यानं गिरमिटावर आणलाय?’

पुढच्या रविवारी बगाड ठरलं. गिरणीतल्या क्रिओल, म्हणजे इथल्याच आफ्रिकी मुळाच्या, सुतारानं बैलगाडीवर उभा खांब रोवून दिला, वर फिरणारा आडवा खांब बसवला. काय चाललं आहे हे त्याला समजावून सांगितलं, तेव्हा त्यानं ‘तुम्ही सगळे ठार वेडे’ असं आपल्या बोलीत म्हटलं, आणि खांब आणखी घट्ट करून दिला. मी माझी तयारी केली. तुरटी, कापूस, फडकी आणि गिरणीच्या आढ्यावरून जमवलेली कोळिष्टकं. कोळिष्टकानं रक्त धरतं. ती काढताना किती कोळी बेघर केले याचा विचार मी आजही टाळतो. येसूनं वाकोआच्या पानांच्या कडांचे काटे चाकूनं सोलले, पानं मऊ केली आणि बंडी विणली. इतकी घट्ट की भिकूला त्यात हात वर करता येईना.

गळ मी घातले. बंडीत घातले, तरी प्रत्येक गळाखाली बोट घालून कातडी मोकळी आहे ना ते पाहिलं. मग दोर ओढला आणि भिकू वर गेला.

असं दृश्य मी पुन्हा पाहिलेलं नाही. बंडी वर सरकली आणि भिकूचं डोकं आत गेलं. बाहेर दिसत होते फक्त दोन पाय आणि पोतं. ढोल वाजत होते, गाडी वस्तीला फेरी घालत होती आणि वर साखरेचं पोतं पाय झाडत ‘देवी महाराजा’ ओरडत फिरत होतं. शेजारच्या वस्तीतले तमिळ लोक आणि गिरणीतले क्रिओल हसून हसून गवतावर पडले. सरदार खाटेवरून ओरडला, ‘आरं, वजन करून पोर्ट लुईला धाडा त्याला!’ येसूही हसत होती, आणि मीही.

खाली उतरवून मी बंडी काढली, आणि हसणं थांबलं. डाव्या खांद्याच्या मागे, एका पानाच्या कडेवर एकच काटा सोलायचा राहून गेला होता. सगळ्या अंगाचा भार त्याच्यावर आला होता. खांद्यावर खोल उभी चीर पडली होती आणि रक्त कमरेपर्यंत आलं होतं.

येसूनं माझी तुरटी आणि फडकी पुढे सरकवली.

मी भिकूला आंब्याखाली चटईवर पालथा घातला, तुरटी, कोळिष्टक आणि घडी केलेलं फडकं ठेवलं आणि त्यावर अंगठा दाबला. आणि दाबून बसलो. माझ्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम हेच आहे. करायचं काहीच नसतं, फक्त अंगठा ठेवायचा असतो, आणि तो उचलून बघायची इच्छा मारायची असते.

‘थांबलं काय?’ गुरवानं विचारलं.

‘माहीत नाही.’

‘मग बघ ना.’

‘बघायचं नाही.’

‘नाय बघितलंस तर कळणार कसं?’

दर थोड्या वेळानं कोणीतरी यायचं आणि बघ म्हणायचं. तमिळ वस्तीतली एक म्हातारी मुद्दाम चालत आली ती एवढंच सांगायला की तिला बघायचं आहे. शेवटी सरदारानं काठी मागवली, लंगडत येऊन माझ्या बाजूच्या दगडावर बसला आणि जो येईल त्याला पिटाळू लागला. ‘हटा! बघायचं न्हाई म्हंजे न्हाई!’ चुलीवर कोंबडं शिजत होतं, वडे तळले जात होते. खालून भिकूनं विचारलं, ‘गणूदादा, मी मरेन काय?’

‘नाही,’ मी म्हणालो. मला ठाऊक नव्हतं.

‘मग वडे उरतील काय?’

अंगठा आधी दुखला, मग बधिर झाला, मग माझा राहिलाच नाही. पहाटेपासून मी उपाशी होतो. आंब्याची सावली गार होती. इथे मला सांगायला लाज वाटते, पण मी बसल्या बसल्या झोपलो.

जाग आली तेव्हा ऊन कलतं होतं. अंगठा जागेवर होता. पण त्याच्या खाली खांदा मोठा वाटला. केसाळही. आणि तो उभा होता, पालथा नव्हता.

‘भिकू?’ मी घाबरून म्हणालो. ‘तू सुजलास काय रे?’

‘बोलू नगंस,’ सरदाराचा आवाज आला. ‘दाब.’

मी सरदाराच्या खांद्यावर अंगठा दाबून बसलो होतो. तो दगडावर ताठ बसला होता, मान न हलवता.

‘भिकू कुठे आहे?’

‘त्याचं थांबलं. तुझी पकड झोपेत सैल झाली, अंगठा घसरला. येसूनं नि मी डोळे मिटून घेतले. मग मी एक डोळा उघडला. कोरडं. येसूनं वरून मऊ फडकं बांधलं नि त्याला नेलं. पण तुझा अंगठा हवेत चाचपायला लागला रं. म्हटलं काही लागलं न्हाई तर जागा होशील. दोन दिस झोपला न्हाईस तू. म्हून मी खांदा दिला.’

पलीकडे चुलीजवळ भिकू बसला होता. येसू त्याला वाढत होती आणि त्याला हात हलवू देत नव्हती. मला रडू आलं. रडताना खाली मान गेली, आणि माझी नजर सरदाराच्या पायावर पडली. दगडावरून सरळ खाली लोंबकळत होता तो. पाऊल भोपळ्यासारखं झालं होतं.

‘सरदार! किती वेळ बसलात असे?’

‘तू झोपल्यापासनं.’

‘पाय खाली सोडायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना! काळजाकडे गेली असती गुठळी!’

‘हलायचं न्हाई असंबी तूच सांगत व्हतास दिवसभर.’

खाट आणि पोती केव्हाच लोपितालात परत गेली होती. तिथवर जायला वेळ कोणाला होता? मी जमिनीवर बसलो, सरदाराला चटईवर आडवा केला, त्याचा पाय उचलला आणि माझ्या खांद्यावर घेऊन दोन्ही हातांनी धरला. चोळला नाही. माझे हात चोळायला शिवशिवत होते, पण नाही चोळला. ढोलवाले येऊन बघून गेले. गुरव पानाचा विडा लावत आला आणि म्हणाला, ‘आता हा कोणाचा नवस?’

तेवढ्यात भिकू पानात दोन वडे घेऊन आला. माझे दोन्ही हात अडकलेले बघून तो समोर बसला आणि एक वडा माझ्या तोंडात घालायला पुढे वाकला. मी आधी त्याच्या खांद्यावरचं फडकं पाहिलं. पांढरं होतं. मग मी तोंड उघडलं.